चुलीचा धूर स्वयंपाकघरातून बाहेर कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात बहुतेक घरांत गॅस आलाय, तरी सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण या बाजूला कितीतरी घरांत मागच्या दाराकडे चूल चालूच आहे. सकाळची पेज, आंघोळीचं पाणी, चवथीला मोठमोठे टोप, सगळं तिच्यावर. त्या चुलीपुढे आई, काकी, वहिनी रोज तास न् तास बसतात, डोळे पुसतात आणि विचारलं की म्हणतात सवय झालीय. धुराची सवय फुप्फुसाला होत नसते. म्हणून लोक जे प्रश्न परत परत विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिलीत. घरातल्या पुरुषांनीही वाचा, कारण गवंडी बोलवायचा निर्णय बऱ्याच घरांत अजून तेच घेतात.

पूर्वी घरोघरी चुलीच होत्या, तेव्हा कुठे कोण धुराडं लावत होतं? मग आत्ताच एवढा त्रास का?

त्रास तेव्हाही होता हो, म्हाताऱ्या बायकांचा खोकला आणि मोतीबिंदू आपण "वय झालं" म्हणून सोडून द्यायचो. पण एक फरक खरा आहे, जुन्या घराला धूर बाहेर टाकायची स्वतःची सोय होती. मंगलोरी कौलं एकमेकांवर नुसती टेकलेली असतात, त्यांच्या फटीफटीतून गरम धूर आपोआप झिरपून जायचा, वर आढ्यापर्यंत मोकळी उंची असायची आणि चिऱ्यांच्या भिंतीला वर झरोका ठेवलेला असायचा. धूर वर तरंगायचा, खाली बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर.

आता आपण काय केलंय बघा. गळतं म्हणून कौलांखाली प्लास्टिक ताणलं, किंवा कौलं काढून पत्रे घातले, कुणी स्लॅब टाकला, कुणी खाली पीव्हीसीचं सिलिंग मारलं, जुन्या लाकडी खिडक्यांच्या जागी घट्ट बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग आल्या. घर सुधारलं पण चूल तीच राहिली आणि तिच्या धुराची वाट आपण बंद केली. नवीन स्लॅबच्या स्वयंपाकघरात जुन्या कौलारू घरापेक्षा धूर जास्त कोंडतो तो यामुळे.

खरंच एवढं वाईट असतं का? लाकडाचा धूर तर नैसर्गिक.

नैसर्गिक असला तरी विषारीच. त्यात पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण असतात, ते नाकात अडकत नाहीत, सरळ फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. सोबत कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२० साली जगात घरातल्या हवेच्या प्रदूषणामुळे साधारण ३२ लाख माणसं गेली. बायकांना सीओपीडी म्हणजे दम्यासारखा फुप्फुसाचा कायमचा आजार, मोतीबिंदू, पाच वर्षांखालच्या मुलांना न्यूमोनिया, गरोदरपणी धूर खाल्ला तर कमी वजनाचं बाळ, हे सगळं अभ्यासातून पुढे आलेलं आहे. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने घरातल्या लाकूडफाट्याच्या धुराला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलंय.

जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२१ मध्ये पीएम २.५ साठी २४ तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर सांगितली, भारताची ६० आहे. बंद खोलीत उघडी चूल पेटली की आकडा शेकड्यांत जातो आणि पेटवताना हजाराच्याही वर. तेव्हा घरात कुणी गरोदर असेल, तान्हं बाळ असेल, दमेकरी असेल तर ते माणूस चूल पेटताना त्या खोलीत नको, हे आजपासून करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

धूर बाहेर जायला नेमकं काय लागतं?

दोन गोष्टी. वरून वाट आणि खालून हवा. पहिली सगळ्यांना सुचते, दुसरी कुणालाच सुचत नाही, आणि मला या पानावर सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

खोलीतून जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच कुठून तरी आत यावी लागते. भरलेली बाटली उपडी केली की पाणी डचडच करत अडतं ना, तसं. आत हवा शिरली तरच पाणी सुटतं. दार-खिडक्या लावून घेतलेल्या स्वयंपाकघरात कितीही भारी धुराडं बसवलंत तरी ते अडखळतच ओढणार. हवा आत येणारी वाट खाली हवी, जमिनीपासून फूटभर उंचीवर, चुलीच्या समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीत, आणि धूर जाणारी वाट जितकी वर तितकी चांगली. दोन्ही भोकं एकाच उंचीवर असतील तर धूर मधल्या मधे घुटमळतो.

घरी तपासायचं असेल तर चूल चांगली पेटल्यावर सगळं नेहमीसारखं ठेवा, म्हणजे नेहमी दार लावता तर लावूनच, आणि एक उदबत्ती पेटवून दाराच्या खालच्या फटीजवळ धरा. तिचा धूर जोरात आत ओढला जात असेल तर चूल हवेसाठी तडफडतेय असं समजा. मग दार वीतभर उघडा आणि चुलीच्या तोंडाकडे बघा. तोंडातून खोलीत येणारा धूर तिथल्या तिथे कमी झाला तर दुखणं सापडलं, धुराडं दोषी नव्हतं.

समोरासमोर दोन खिडक्या आहेत, दोन्ही उघड्या ठेवते. पुरे ना?

काहीच नसण्यापेक्षा खूप चांगलं, पण पुरत नाही. खिडक्या छातीच्या उंचीवर असतात आणि वारा आडवा शिरला की चुलीचा वर जाणारा धूर मोडून सगळ्या खोलीत फिरवतो, माजघरापर्यंत पोचवतो. त्यात आपल्याकडे वारा दिवसातून दिशा बदलतो. पावसाळा सोडला तर सकाळी तो डोंगराकडून समुद्राकडे असतो, दुपारनंतर खारा वारा उलट समुद्राकडून येतो. म्हणून सकाळी पेजेला नीट जाणारा धूर संध्याकाळी भाताच्या वेळी तोंडावर येतो असं पुष्कळ जण सांगतात, त्यात भुताटकी काही नाही. वाऱ्याकडची खिडकी अर्धी लावा, वाऱ्याच्या पाठीकडची पूर्ण उघडा, आणि चुलीच्या वरच्या भागात छताजवळ काहीतरी कायमची उघडी वाट करा. कौलारू घर असेल तर हवेसाठी फट ठेवलेलं व्हेंटिलेटर कौल मिळतं, आढ्याजवळ चुलीच्या डोक्यावर तशी चार-पाच बसवली तर खर्च कमी आणि फरक लगेच दिसतो.

एक्झॉस्ट फॅन लावला तर?

चालतो, पण तीन गोष्टी बघून.

पहिली म्हणजे जागा. फॅन चुलीच्या जवळच्या भिंतीत, छताला लागून उंच. समोरच्या भिंतीत लावला तर धूर अख्खी खोली ओलांडून जातो, म्हणजे रांधणाऱ्या बाईच्या नाकासमोरून. दुसरी, ताकद. दहा बाय दहाची दहा फूट उंच खोली म्हणजे हजार घनफूट, साधारण २८ घनमीटर. चुलीच्या खोलीतली हवा तासाला वीसेक वेळा तरी बदलायला हवी, म्हणजे ताशी ५७० घनमीटरच्या आसपास. हा आकडा फॅनच्या बॉक्सवर असतो, पण तो मोकळ्या हवेतला, पुढे जाळी आणि झडपा लागल्या की कमी होतो, म्हणून नऊ इंचीपेक्षा बारा इंची घ्या. मोटर मेटल बॉडीची घ्या, आणि दर पंधरा दिवसांनी पाती पुसा कारण चुलीची काजळी तेलाबरोबर चिकटून घट्ट होते.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. चुलीला धुराडं असेल आणि त्याच खोलीत एक्झॉस्ट फॅन असेल तर दोघं भांडतात. फॅन जिथून मिळेल तिथून हवा ओढतो, आणि दार-खिडकी बंद असेल तर सगळ्यात सोपी वाट धुराड्यातूनच असते, म्हणजे बाहेर जाणारा धूर उलटा आत. धुराडं असलेल्या खोलीत फॅन लावायचाच तर मोठी खिडकी उघडी ठेवूनच.

गॅसच्या शेगडीवर लावतात ती इलेक्ट्रिक चिमणी चुलीवर बसवू का? दुकानदार म्हणतो चालते.

नको. ती गॅसच्या ज्योतीसाठी आणि तेलाच्या वाफेसाठी बनवलेली असते. लाकडाच्या धुरात राख असते, ठिणग्या असतात, डांबरासारखी चिकट काजळी असते. फिल्टर आठवड्यात भरतो, आतलं प्लास्टिक आणि वायरिंग तापतं, आणि फिल्टरात साठलेल्या तेलात ठिणगी गेली की आग. पाइप नसलेली, हवा गाळून परत खोलीत सोडणारी मॉडेल्स तर अजिबातच नकोत, कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या फिल्टरात अडकत नाही.

धुराडं किती उंच आणि किती जाड?

धुराड्याची ओढ दोन गोष्टींवर ठरते, उंची आणि आतला धूर बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम. दहा फुटांचा पाइप, आत दीडशे अंशांचा धूर, बाहेर अठ्ठावीस अंश, असं धरलं तर ओढ येते अंदाजे दहा पास्कल. म्हणजे पाण्याची पातळी एक मिलिमीटर वर उचलेल एवढीच. इतकी नाजूक गोष्ट आहे ती! ताशी पंधरा किलोमीटरचा साधा वारा थेट तोंडावर आला तर तेवढाच दाब देतो. म्हणून पाइपला प्रत्येक वळण महागात पडतं, आणि पाइप आढ्याच्या खाली संपला की वारा छपरावरून खाली वळून धूर परत आत ढकलतो.

तेव्हा पाइप शक्यतो सरळ उभा. आडवा तुकडा टाळता येत नसेल तर काटकोनाऐवजी पंचेचाळीस अंशाची दोन वळणं. वरचं टोक आढ्याच्या वर कमीत कमी दोन फूट, आणि शेजारी टाकी, भिंत, माडाचा शेंडा असेल तर आजूबाजूच्या दहा फुटांतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा दोन फूट उंच. जाडी: एक तोंड आणि एक वैल म्हणजे मागचं जोडतोंड असलेल्या बंद चुलीला चार इंच ही कमीत कमी, सहा इंच चांगली. सहा इंची पाइपची वाट चार इंचीच्या सव्वादोन पट असते, किमतीत तेवढा फरक नसतो.

पाइप भिंतीतून बाहेर काढून बाहेरच्या बाजूने वर नेण्यापेक्षा घरातूनच वर न्या. बाहेरचा पाइप पावसात गार पडतो, धूर गार झाला की ओढ संपली.

आमची साधी तीन दगडांची चूल आहे, मोठा टोप त्याच्यावरच बसतो. तिला पाइप कसा लावणार?

थेट नाही लावता येत, तिला वरून हूड करायचा. म्हणजे पत्र्याचा किंवा विटा-सिमेंटचा उलटा नसराळ्यासारखा आकार, चुलीपेक्षा सगळीकडून सहा इंच तरी मोठा, आणि टोप काढता-घालता येईल एवढंच अंतर ठेवून जितका खाली आणता येईल तितका खाली. तिन्ही बाजूंनी भिंत किंवा पत्रा उतरवला आणि फक्त समोरून उघडा ठेवला तर फारच छान, कारण आडवा वारा धूर मोडू शकत नाही.

इथे पाइप मात्र मोठा लागतो. उघड्या चुलीचा धूर खोलीतली भरपूर हवा सोबत घेऊन वर जातो, त्यामुळे चार इंची पाइप लावला तर हूडच्या कडांवरून धूर सांडतोच. समोरच्या तोंडाच्या क्षेत्रफळाचा साधारण दहावा भाग पाइपची वाट, असा हिशोब धरा. तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच तोंड असेल तर दहा-अकरा इंची पाइप येतो. लोकांना हा आकडा ऐकून धक्का बसतो, पण हूड लावूनही धूर जात नाही या तक्रारीमागे बहुतेक वेळा बारीक पाइपच असतो.

चूल ओट्यावर असेल आणि उभ्याने रांधत असाल तर हूडची कड कपाळाला लागणार नाही एवढी वर घ्यावी लागते, मग बाजूचे पत्रे अजून महत्त्वाचे.

पावसाळ्यात धुराड्यातून पाणी येतं म्हणून आम्ही तोंडावर गोणपाट बांधतो...

आणि मग चार महिने धूर घरात. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सत्तरीकडे त्याहूनही जास्त, आणि वारा पश्चिम-नैऋत्येकडून, त्यामुळे तिरका पाऊस आत येणारच हे धरूनच काम करायचं. वर शंकूसारखी टोपी लावा, पण टोपी आणि पाइपच्या तोंडात पाइपच्या व्यासाएवढी मोकळी जागा ठेवा, सहा इंचीला सहा इंच. टोपी पाइपपेक्षा दुप्पट रुंद. फार वाऱ्याच्या जागी, उघड्या माळावर वगैरे, इंग्रजी एच अक्षरासारखं डोकं लावतात, ते वाऱ्याला बरं तोंड देतं.

पाणी खरं येतं ते पाइप कौलातून किंवा पत्र्यातून बाहेर पडतो तिथून. तिथे पाइपभोवती पत्र्याची कॉलर हवी, तिची वरची बाजू वरच्या कौलाखाली सरकवलेली आणि खालची बाजू खालच्या कौलावर आलेली. नुसतं सिमेंट थापलं तर पाइप तापून-गार होऊन एका मोसमात भेग पडते.

पाइप कशाचा घ्यावा?

समुद्राजवळ जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा खाऱ्या हवेने आणि आतल्या आम्लाने लवकर गंजतो, जमत असेल तर स्टेनलेस स्टील ३०४. आत डोंगराकडे जाड जीआय चालतो, दर वर्षी ठोकून बघायचा. पीव्हीसी कधीच नाही, वितळतो. जुन्या सरकारी योजनेतले सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे पाइप अजून काही घरांत आहेत, ते शाबूत असतील तर तसेच राहू द्या, पण करवतीने कोरडे कापू नका, फोडू नका, त्यातले तंतू श्वासातून गेले की फुप्फुसात कायमचे राहतात.

पाइप वासे-रिपांना लागून नको. उघडा पत्र्याचा पाइप आणि लाकूड यांच्यात दीड फूट अंतर, तेवढं मिळत नसेल तर मधे पत्रा, आणि पत्र्याच्या मागे हवा खेळेल एवढी जागा.

सगळं केलं तरी पेटवताना धूर आत येतोच.

सुरुवातीला पाइप गार असतो, ओढ नसते. आधी वाळलेल्या झावळीची चूड किंवा कागद पेटवून पाइपच्या तोंडाजवळ अर्धा मिनिट धरा, पाइप गरम झाला की मग चूल. त्यानंतरही येत असेल तर बघा: लाकूड ओलं आहे का, खालची हवा बंद आहे का, पाइपमध्ये पक्ष्याचं घरटं किंवा काजळी आहे का, चुलीच्या तोंडात एकदम जास्त लाकडं कोंबलीत का. शेवटचं कारण सगळ्यात जास्त घरांत सापडतं.

लाकूड कुठलं जाळावं?

धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. पूर्ण जळलं असतं तर उष्णता मिळाली असती, धूर झाला म्हणजे लाकूड फुकट गेलं. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ अर्धं वजन पाण्याचं असू शकतं, जाळायला ते वीस टक्क्यांच्या खाली हवं. म्हणून पावसाळ्याची लाकडं एप्रिल-मेमध्ये चिरून, मांगरात जमिनीपासून वर, बाजूने वारा लागेल अशी रचून ठेवा. ओंडका तसाच ठेवला तर सालीखाली वर्षभर ओला राहतो, चिरणं हेच महत्त्वाचं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा, खणखणीत वाजले तर वाळलेत, बद्द आवाज आला तर नाही.

करवंट्या फार सुंदर जळतात, गरम आणि कमी धुराच्या. नारळाची सोडणं मात्र धुमसतात, ओली तर नकोच, खडखडीत वाळवून थोडी थोडी घाला. काजूची लाकडं चालतात, पण काजूच्या बियांची सालं चुलीत नको. त्यातलं तेल इतकं तिखट असतं की त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला भाजतो. काजू भाजायचे तर अंगणात, वाऱ्याला पाठ करून. बिब्ब्याचं लाकूड आणि कण्हेर, ही दोन्ही कधीच जाळू नका, कण्हेरीचा धूरही विषारी असतो.

आणि पेटवायला दुधाची पिशवी, चपलेचा तुकडा, फ्लेक्स घालायची सवय कृपा करून सोडा. प्लास्टिकचा धूर साध्या लाकडापेक्षा कितीतरी वाईट, पीव्हीसीतून तर डायॉक्सिनसारखी विषं निघतात, ती आपल्याच अन्नाच्या टोपाखाली. वाळलेली चुडतं, पेंढ्याचा भुसा, सुकी करवंटी, एवढं आपल्या परसात असताना प्लास्टिक कशाला?

बिनधुराची चूल खरंच बिनधुराची असते का?

नाव जरा मोठं आहे. आपल्या देशात याच्यावर फार वर्षांपासून काम चाललंय. वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची 'अस्त्र ओले' (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल), पुण्याच्या आरती संस्थेच्या लक्ष्मी वगैरे चुली. केंद्राचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐंशीच्या दशकात सुरू होऊन २००२ पर्यंत चालला. चुली लाखांनी बसल्या, पण भेगा बुजवल्या नाहीत, धुराडी साफ केली नाहीत आणि कित्येक काही वर्षांत मोडल्या.

यातून शिकायचं ते हे की चांगली चूल म्हणजे खाली जाळी, जाळीखालून हवा, भांड्याच्या मापाचं तोंड आणि मागे धुराडं. जाळी तर आजही जुन्या चुलीत बसवता येते, लोखंडी सळ्यांची साधी. लाकूड तिच्यावर ठेवलं की खालून हवा लागते, फुंकणी कमी लागते, आणि फुंकणी कमी म्हणजे तोंड धुराजवळ नेणं कमी. भांडं तोंडापेक्षा लहान असेल तर बाजूने धूर येणारच, तिथे मातीचं किंवा पत्र्याचं कडं ठेवा.

आम्ही गॅसवरच करतो, पण मासे तळताना आणि शागोतीचा मसाला भाजताना घरभर खाट, म्हणजे ठसका लावणारा धूर, येतो.

तो धूर वेगळा, तेलाचा आणि मसाल्याचा, पण तोही साधा नाही. तेल धुरकट होईपर्यंत तापवलं की त्यातूनही बारीक कण निघतात. यावर गॅसवाली चिमणी नक्की उपयोगी, फक्त पाइपने बाहेर सोडणारी. रवा लावलेले बांगडे मध्यम आचेवर तळा, सुक्या मिरच्या आणि खोबरं भाजायचं असेल तर मागच्या दाराकडे, आणि फॅन फोडणीच्या आधी चालू करून काम संपल्यावर दहा मिनिटं तसाच राहू द्या.

एकाच खोलीत चूल आणि सिलिंडर दोन्ही असेल तर फार सावध. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर पसरतो आणि चुलीतल्या विस्तवापर्यंत सरपटत जातो. सिलिंडर बाहेर ठेवून पाइप आत आणा. खालची हवेची वाट इथेही कामाला येते. वास आला तर विस्तव नाही, बटण नाही, दार उघडा आणि १९०६ ला फोन करा.

पावसात थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवतो, धूर तर नसतो तिला.

हे सगळ्यात धोकादायक. धूर दिसत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत झोपलेलं माणूस उठतच नाही. बाळंतिणीला शेक द्यायला शेगडी ठेवतात तिथे तर आई आणि बाळ दोघंही त्याच खोलीत. शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून, जागेपणी, आणि झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं आणि हे एकदम घरातल्या दोघातिघांना झालं तर आधी उघड्यावर या, मग १०८. तोंडाला कापड बांधून काही होत नाही, हा वायू कापडातून जातो, एन-९५ मास्कमधूनही जातो.

धूर गेला तर वाशांना कीड लागेल असं आजी म्हणते.

आजी बरोबर आहे. धूर आणि ऊब यांनी वासे कोरडे राहायचे, वाळवी आणि भुंगा लांब राहायचा. बंद पडलेल्या घराचं छप्पर लवकर बसतं त्याचं हेही एक कारण. पण वासे टिकवायला माणसाची फुप्फुसं का खर्चायची? वाशांना काजूच्या सालीचं तेल किंवा बोरॅक्सचं द्रावण लावता येतं, दर दोन-तीन वर्षांनी, कौलं फिरवताना. धुराड्याची ऊब वर मिळतेच. सोलं, सुकी सुंगटं, पावसाळ्यातली लाकडं सुकवायला पाइपपासून दोन फूट लांब जाळीची फळी करा, काम तेच होतं आणि धुराचा वासही लागत नाही.

डास पळतात धुराने, ते?

मच्छरदाणी लावा.

साफसफाई कधी?

रोज चूल पेटत असेल तर महिन्याला एकदा पाइप ठोकून काजळी पाडा, आणि वर्षातून दोनदा पूर्ण, एकदा मेअखेर आणि एकदा चवथीच्या आधी कारण तेव्हा चूल दिवसभर पेटते. दोरीला काथ्याचा घट्ट गोळा आणि खाली दगड बांधून वरून सोडा, दोन-तीन वेळा वर-खाली. चकचकीत काळा थर दिसला तर तो पेट घेणारा असतो, ओल्या लाकडाने तो वाढतो. पाइपमधून घुरघुर आवाज आणि वर ठिणग्या दिसल्या तर चुलीचं तोंड ओल्या गोणपाटाने बंद करा, घराबाहेर या आणि १०१ ला फोन करा.

आत्ता पैसे नाहीत, घर भाड्याचं आहे. काय करू?

आंघोळीच्या पाण्याची चूल बाहेर पडवीत किंवा न्हाणीच्या मागे हलवा, कित्येक घरांत सगळ्यात जास्त वेळ जळणारी चूल तीच असते आणि तिचं घरात काहीच काम नाही. उकडे तांदूळ रात्रीच भिजत घाला, झाकण ठेवून शिजवा, शक्य तिथे कुकर वापरा, जेवढा वेळ कमी तेवढा धूर कमी. चुलीच्या डोक्यावरची दोन-तीन कौलं थोडी उचलून खाली चपटा दगड सरकवा, पावसाळ्याआधी परत बसवा. पेटवायचं काम बाहेर करून विस्तव फावड्याने आत आणा. गुरं असतील तर गोबर गॅसची चौकशी पंचायतीत किंवा कृषी कार्यालयात करून ठेवा.

गवंड्याला नेमकं काय सांगायचं?

त्याला आधी चूल पेटलेली असताना बोलवा, विझलेली दाखवून उपयोग नाही. मग सांगा: चुलीच्या मागून सहा इंची पाइप, सरळ वर, आढ्याच्या वर दोन फूट, लाकडापासून दीड फूट लांब. खाली हात घालून राख काढायचं दार, त्याशिवाय साफ करता येत नाही आणि बहुतेक वेळा तेच विसरतात. समोरच्या भिंतीत जमिनीपासून फूटभर वर एक फूट बाय अर्धा फूट झरोका, उंदीर-साप येऊ नयेत म्हणून अर्धा इंची जाळी मारलेला, पण झडप नको, कारण झडप असली की पहिल्या पावसात कुणीतरी ती बंद करतं आणि मग परत उघडत नाही. पैसे देण्याआधी दार-खिडक्या लावून, फक्त झरोका उघडा ठेवून अर्धा तास चूल पेटवा, ज्या बाईला रोज तिथे रांधायचंय तिलाच तिच्यापुढे बसू द्या आणि धूर आता जातो का ते तिलाच विचारा.